शांतीची प्रार्थना आणि पॅरिशचा आनंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या स्थानिक समुदायाच्या, लिटर्जी (उपासनेच्या) टीममध्येही आहे आणि सणाच्या कमिटीतही, त्यामुळे हे प्रश्न मला दोन्हीकडून येतात. एक जण विचारतो की जगात एवढं चाललंय आणि आपण स्टेज कसले बांधतोय, दुसरा म्हणतो दर रविवारी युद्धाचं ऐकून मन जड होतं, चर्चमध्ये आल्यावर तरी जरा बरं वाटू द्या. दोघंही मनापासून बोलतात. म्हणून सारखे येणारे प्रश्न आणि मला जमतील तशी उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतोय.

युद्ध चालू असताना पॅरिशचा सण थाटात करणं बरोबर आहे का?

माझं उत्तर हो आहे, आणि त्याला आधार ईस्टरच्या संध्याकाळचा. शिष्य दारं लावून घाबरून बसलेत, येशू मध्ये येऊन उभा राहतो, 'तुम्हांस शांती असो' म्हणतो, लगेच आपले हात आणि कूस दाखवतो, आणि प्रभूला पाहून शिष्यांना आनंद होतो. योहान २०, वचन १९ आणि २०. दोनच वचनांत शांती पण आली, जखमा पण आल्या आणि आनंद पण आला. येशूने आधी जखमा झाकल्या नाहीत की जखमा आहेत म्हणून शिष्यांना आनंद करू नका असंही सांगितलं नाही. मला वाटतं पॅरिशने एवढंच करायचं असतं, सण करायचा पण जखमा झाकून नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, ७ डिसेंबर १९६५ ला आजच्या जगातल्या ख्रिस्तसभेबद्दल एक दस्तऐवज काढला, त्याचं लॅटिन नाव 'गौदियुम एत स्पेस', म्हणजे आनंद आणि आशा. पहिल्याच वाक्यात लोकांचा आनंद, आशा, दुःख आणि चिंता हे चारही येतात आणि ते ख्रिस्ताच्या शिष्यांचेही आहेत असं म्हटलंय. चारही एकाच वाक्यात, एकाला आत घेऊन दुसऱ्याला बाहेर बसवलेलं नाही.

पण मला स्वतःलाच हसताना अपराधी वाटतं, त्याचं काय?

बऱ्याच जणांना वाटतं. सकाळी मोबाईलवर पडलेल्या इमारती बघायच्या आणि संध्याकाळी पॅरिशच्या स्टेजवर नाच बघायचा, पोटात कसंतरी होतंच. ते वाटणं वाईट नाही, मन अजून जिवंत आहे एवढाच त्याचा अर्थ. बायबलमध्ये प्रेषित पौल रोमकरांना लिहितो, आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि रडणाऱ्यांबरोबर रडा (१२:१५). यात 'बरोबर' हा शब्द महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. एकट्याने बातम्या बघत दुःखी बसण्याने कुणाचं दुःख वाटून घेतलं जात नाही, आणि एकट्याने मजा करण्याला पॅरिशचा आनंद म्हणत नाहीत. पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्याला आलेल्या आईबापांसमोर तुम्ही तोंड पाडून बसलात तर त्याने दूरच्या कुणाचंही भलं होत नाही, या घरात मात्र एक आनंद कमी होतो.

आणि ख्रिस्तसभेने ही सोय आधीच करून ठेवलीय बघा. उपासकाळ म्हणजे ईस्टरआधीचे प्रायश्चित्ताचे दिवस, पण त्यातला चौथा रविवार आनंदाचा, फादर जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्र घालू शकतात, वेदीवर फुलं चालतात. नाताळआधीच्या आगमनकाळात तिसरा रविवार तसाच. दुःख संपेपर्यंत आनंद थांबवून ठेवा असं आपली परंपरा कधीच म्हणाली नाही.

मग कार्यक्रम रद्द कधीच करायचा नाही?

असंही नाही. २०२३ मध्ये जेरुसलेमच्या ख्रिस्ती धर्मप्रमुखांनी गाझातलं युद्ध बघून नाताळचा अनावश्यक उत्सवी भाग सोडून द्यायला सांगितला, आणि बेथलेहेममध्ये त्या वर्षी झाड, रोषणाई काही नव्हतं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मात्र झाली, प्रार्थना झाली. म्हणजे जिथे जन्म झाला तिथेच नाताळ थांबला नाही, फक्त दिवे थांबले. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आमच्याकडून एकदा चूक झालीय ती सांगतो. सणाच्या आदल्या दिवशी पॅरिशमधला एक तरुण मुलगा गेला, आणि कमिटीने सगळं ठरलंय, पैसे दिलेत म्हणून ऑर्केस्ट्रा तसाच ठेवला. त्या घराच्या खिडकीपर्यंत आवाज जात होता. मीही त्या कमिटीत होतो आणि गप्प बसलो. त्यानंतर आम्ही ठरवलं की काही झालं तर सगळ्यात आधी आवाज बंद करायचा, फटाके आणि डीजे, मग स्टेज, पण एकत्र बसून जेवणं शक्यतो काढायचं नाही कारण दुःखाच्या दिवशीही माणसाला शेजारी माणूस लागतो, आणि मिस्साला तर हात लावायचाच नाही. आणखी एक, तुमच्याकडे युद्धातून पळून आलेली कुटुंबं असतील तर फटाके कायमचेच बंद करा. आपल्याला तो आनंदाचा आवाज वाटतो, त्यांच्या मुलांना तो वेगळाच ऐकू येतो.

मिस्सामध्ये शांतीची प्रार्थना नेमकी कुठे येते? वेगळी घालावी लागते का?

वेगळी घालायच्या आधी आहे ती नीट म्हणूया. ग्लोरिया बघा, मिस्सातलं सगळ्यात आनंदाचं गीत, त्याची सुरुवातच देवदूतांच्या गाण्याने होते, स्वर्गात देवाला गौरव आणि पृथ्वीवर माणसांना शांती. आम्हाला ते गाताना ढोलाचा ताल आठवतो आणि शांती विसरायला होते. 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' झालं की फादर एकटे जी प्रार्थना म्हणतात तिच्यात आमच्या दिवसांत शांती दे अशी मागणी आहे. मग 'मी माझी शांती तुम्हांस देतो' हे येशूचे शब्द, मग शांतीची खूण, म्हणजे शेजारच्यांशी हात मिळवून किंवा हात जोडून शांती देणं, मग भाकर मोडताना 'देवाच्या कोकरा' तीनदा, आणि तिसऱ्यांदा 'दया कर' ऐवजी 'आम्हांला शांती दे'. शेवटी निरोप देतानाही शांतीने जा म्हणतात. बिशप मिस्सा करतात तेव्हा लोकांना पहिलं अभिवादनच 'तुम्हांला शांती असो' असं करतात. एवढं सगळं दर रविवारी चाललेलं असतं आणि आपण म्हणतो शांतीसाठी काहीतरी करायला हवं.

त्याशिवाय मिस्साग्रंथात शांती आणि न्यायासाठीच्या मिस्साच्या प्रार्थना वेगळ्या दिल्यात, युद्धाच्या किंवा अशांततेच्या काळासाठीच्याही. सामान्य काळातल्या मोकळ्या वारी त्या घेता येतात. रविवारी घ्यायच्या असतील तर गरज तशी गंभीर हवी आणि बिशपांची परवानगी हवी, आणि आगमनकाळ, उपासकाळ, पुनरुत्थानकाळ यांतल्या रविवारी त्या घेता येत नाहीत. कोऑर्डिनेटर मंडळींनी फादरना आधी विचारावं, शनिवारी रात्री व्हॉट्सअॅपवर नाही.

विश्वासूंच्या प्रार्थनेत (मिस्सात लोकांच्या वतीने वाचतात त्या मागण्यांत) युद्धाबद्दल काय लिहावं? देशांची नावं घ्यावीत का?

घ्यावीत. 'जगात शांती नांदो' हे इतकं गुळगुळीत झालंय की तोंडातून निघतं आणि कानावरून जातं. सुदान म्हणा, काँगो म्हणा, म्यानमार, युक्रेन, गाझा म्हणा. आणि टीव्हीवर आहे तेच युद्ध दर आठवड्याला नको, जे बातम्यांतून गेलंय पण संपलेलं नाही त्याचंही नाव एखाद्या रविवारी यायला हवं, तिथल्या लोकांची आठवण आणखी कोण काढणार.

पण ही बातमीपत्राची जागा नाही. कोण चूक, कोण बरोबर, कुठल्या नेत्याने काय करावं हे देवाला समजावून सांगायला आपण उभे नसतो. मी एकदा वाचकाकडून एक प्रार्थना ऐकली ती जवळजवळ भाषण होती, लोक 'हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक' म्हणायचंच विसरले. आणि शत्रूसाठी प्रार्थना करा हे मत्तय ५:४४ मध्ये आहे, ते आपल्याला आवडलं नाही तरी आहे. म्हणून मरणारे दोन्हीकडचे असतात हे प्रार्थनेत दिसू दे.

क्रमही ठरलेला आहे, आधी ख्रिस्तसभेसाठी, मग राज्यकर्त्यांसाठी आणि सगळ्या जगाच्या तारणासाठी, मग त्रासात असलेल्यांसाठी, मग आपल्या स्थानिक समुदायासाठी. नमुना म्हणून अशी एक: 'सुदानमध्ये घर सोडून निघालेल्या आयांसाठी आणि त्यांच्या लेकरांच्याच वयाच्या ज्या मुलांच्या हातात बंदूक आहे त्यांच्या आयांसाठी, की दोघींनाही आपली लेकरं परत मिळावीत, प्रार्थना करू या.' आणि त्याच यादीत शेवटी 'आज ज्या जोडप्यांचं लग्न लागतंय त्यांच्यासाठी' हेही येऊ दे, बिनधास्त.

शांतीची खूण देताना आमच्याकडे जत्राच होते, ते चालतं का?

चालत नाही खरं म्हणजे. २०१४ मध्ये रोमहून यावर एक परिपत्रक आलं होतं, त्यात जागा सोडून फिरू नका, फादरनी वेदी सोडून जाऊ नये, त्या वेळी वेगळं शांतीचं गाणं नको, आणि नाताळ, लग्न, बाप्तिस्मा असताना तिथेच अभिनंदन करू नका असं स्पष्ट सांगितलंय. जवळच्यांना खूण द्यायची, मनापासून, आणि वेदीकडे वळायचं. हॅपी बर्थडे, कधी आलात, किती बारीक झालात हे सगळं मिस्सानंतर बाहेर पायऱ्यांवर, आणि तिथे मात्र घाई नको, तिथे वेळ द्या.

पॅरिशमध्येच भांडणं आहेत, मग जगाच्या शांतीसाठी प्रार्थना कसली करायची?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो. कॉयर आणि युथचं माइकवरून जमत नाही, दोन कुटुंबं एकाच बाकावर बसत नाहीत, कमिटीची निवडणूक झाली की अर्धी माणसं सहा महिने फिरकत नाहीत, आणि आम्ही माइकवरून राष्ट्राराष्ट्रांत समेट मागतो. येशू तर म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर (मत्तय ५:२३-२४). तिथे हेही बघा की माझ्या मनात त्याच्याविरुद्ध असं नाही, त्याच्या मनात माझ्याविरुद्ध आहे. म्हणजे मी निर्दोष असलो तरी उठून जायचं मलाच.

भाषणांनी हे सुटताना मी पाहिलेलं नाही. काम एकत्र केल्याने सुटताना पाहिलंय. आमच्या दोन बाया कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, सणाच्या जेवणानंतर भांडी घासायच्या पाळीत दोघींची नावं एकत्र आली, मुद्दाम आणली की चुकून ते मी लिहीत नाही. पहिला तासभर फक्त भांड्यांचा आवाज. मग एकीने दुसरीला विचारलं, तुझा गुडघा कसा आहे आता. तिथे उभं राहून मला जे वाटलं ते कुठल्याही शांतीसभेत वाटलेलं नाही. म्हणूनच सण, पिकनिक, सांडलेलं पाणी पुसणं, खुर्च्या उचलणं हे शांतीच्या प्रार्थनेच्या बाहेरचं काम आहे असं मला वाटतच नाही.

एक करता येतं, सणाच्या आधीच्या आठवड्यात सगळ्यांसाठी कन्फेशनची (पापकबुलीची) संध्याकाळ ठेवा, शेजारच्या पॅरिशमधून फादर बोलवा म्हणजे लोक मोकळेपणाने जातात.

प्रार्थनेने खरंच युद्ध थांबतं का?

देव काय करतो त्याचा हिशोब मी मांडू शकत नाही. पण प्रार्थना करणाऱ्या माणसांनी काय केलं ते सांगू शकतो. संत एजिडिओ नावाचा समुदाय रोममध्ये १९६८ ला शाळकरी मुलांनी सुरू केला, संध्याकाळची प्रार्थना आणि गरिबांशी मैत्री एवढंच. त्याच समुदायाच्या मध्यस्थीने मोझांबिकच्या सरकारची आणि बंडखोरांची दोन वर्षांहून जास्त काळ बोलणी चालली, आणि ४ ऑक्टोबर १९९२ ला, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणादिवशी, रोममध्ये शांतीकरारावर सह्या झाल्या. सोळाएक वर्षांचं यादवी युद्ध थांबलं.

आणि याच लोकांनी १९८२ च्या नाताळला रोमच्या एका जुन्या बॅसिलिकात, बाकं हलवून, टेबलं मांडून गरिबांना जेवायला बसवलं, मोजक्याच पाहुण्यांपासून सुरुवात झाली आणि आता ते नाताळचं जेवण जगातल्या कितीतरी शहरांत होतं. मला ही दोन कामं वेगळी दिसत नाहीत. ज्यांना चर्चमध्ये टेबल मांडून अनोळखी माणसाला जेवायला वाढायची सवय होती त्यांनाच दोन शत्रूंना एका टेबलावर बसवता आलं असं माझं मत आहे.

शांतीसाठी रोझरीच का?

रोझरी म्हणजे जपमाळेवर म्हणायची मरियेची प्रार्थना, ती म्हणताना येशू आणि मरियेच्या आयुष्यातल्या घटनांवर, म्हणजे 'रहस्यांवर', मनन करतात. परंपरा जुनी आहे. पहिलं महायुद्ध चालू असताना १९१७ मध्ये पोप बेनेडिक्ट १५ वे यांनी मरियेच्या लितानीत, म्हणजे तिची एकेक नावं घेऊन केलेल्या विनवणीत, 'शांतीची राणी' हे नाव घातलं, आणि त्याच वर्षी मे ते ऑक्टोबर पोर्तुगालमध्ये फातिमाच्या, म्हणजे मुलांना मरियेचं दर्शन झाल्याच्या, घटना झाल्या, तिथेही शांतीसाठी रोज रोझरी म्हणा हाच निरोप. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोझरीवर पत्र लिहिलं तेव्हाही शांती आणि कुटुंब ही दोन कारणं पुढे ठेवली आणि प्रकाशाची रहस्यं सुचवली, त्यातलं दुसरं रहस्य काना गावचं लग्न. पाण्याने भरलेले सहा दगडी रांजण आणि द्राक्षारस संपलेला समारंभ. म्हणजे एकाच माळेत क्रुसाचं ओझंही आहे आणि लग्नघरही. फक्त शुक्रवारची दुःखाची रहस्यंच शांतीसाठी असतात असा एक समज आहे तो सोडा, सोमवारी आनंदाची रहस्यं म्हणतानाही शांती मागता येते.

पोप उपवासाचा दिवस जाहीर करतात, तो सगळ्यांना बंधनकारक असतो का? त्या दिवशी घरात वाढदिवस असेल तर?

बंधनाचे उपवास दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, आणि तेही १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून ६० वं वर्ष लागेपर्यंत. शांतीसाठी जाहीर होणारे दिवस हे आमंत्रण असतं, जसं पोप फ्रान्सिस यांनी ७ सप्टेंबर २०१३ ला सीरियासाठी बोलावलं, २७ ऑक्टोबर २०२३ ला पुन्हा, आणि पोप लिओ १४ वे यांनी २२ ऑगस्ट २०२५ ला. आजारी माणसांनी, गरोदर बायांनी, औषधं चालू असणाऱ्यांनी उपाशी राहू नये, दुसरं काहीतरी सोडावं.

वाढदिवस असेल तर लेकराला त्याची शिक्षा देऊ नका. मोठ्यांनी दुपारचं जेवण सोडावं, त्याचे पैसे बाजूला काढावेत आणि संध्याकाळी मुलाबरोबर हसत बसावं. येशूनेच सांगितलंय की उपास करताना तोंड उतरलेलं दिसू देऊ नका.

तरुण मुलं फक्त नाच-गाण्याला येतात, शांतीच्या प्रार्थनेला येत नाहीत.

आपण त्यांना बोलावतो कसं ते बघा. नाचाला बोलावतो तेव्हा काम देतो, लाइट बघ, पडदा बघ, नाव पुकार. प्रार्थनेला बोलावतो तेव्हा फक्त बस म्हणतो. त्यांना विश्वासूंच्या प्रार्थना लिहू द्या, एका देशाबद्दल महिनाभर वाचून येऊन दोन मिनिटं बोलू द्या, आराधनेच्या तासाला गिटार वाजवू द्या. आणि शेवटी दहा मिनिटं खरी शांतता ठेवा, काहीच नको. शांतता तरुणांना झेपत नाही असं आपण मोठेच ठरवून बसतो, माझा अनुभव उलटा आहे, चुळबूळ मागच्या बाकांवर मोठ्यांचीच असते.

लहान मुलांना संडे स्कूलमध्ये युद्धाचं सांगावं का?

सांगावं, पण चित्रं दाखवून नाही. गाझातल्या होली फॅमिली पॅरिशला पोप फ्रान्सिस युद्ध सुरू झाल्यापासून जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करायचे, काय जेवलात असं विचारायचे, एप्रिल २०२५ मध्ये ते गेले त्याच्या थोडे दिवस आधीपर्यंत. ही गोष्ट मुलांना लगेच कळते, कारण फोन करून काय जेवलास विचारणारं कुणीतरी त्यांनाही असतं. त्या चर्चवर १७ जुलै २०२५ ला मारा झाला, तीन माणसं गेली, फादर जखमी झाले, हे मोठ्या मुलांना सांगा, लहानांना नाही. सांगून झालं की त्यांना एक मेणबत्ती लावू द्या आणि मग खेळायला सोडा.

सणावर खर्च करण्यापेक्षा सगळे पैसे युद्धग्रस्तांना का देत नाही?

थोडे द्या, नक्की द्या, आणि आकडा सगळ्यांसमोर वाचून दाखवा. कारितास ही आपल्याच ख्रिस्तसभेची मदतसंस्था आहे, बिशप हाऊसमार्फत पैसे पोचतात. पण 'सगळे' म्हणू नका. पॅरिशमधल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला वर्षातून एकदाच शंभर जणांबरोबर जेवायला मिळतं, ते बंद केलं तर त्याची किंमत तोच मोजतो. वाचवायचंच असेल तर डेकोरेशन आहे, बॅनर आहेत, मानधनाचे कलाकार आहेत, तिथे कात्री लावा.

इतर धर्मांच्या शेजाऱ्यांना बोलवावं का?

सणाला तर बोलवाच. शांतीच्या प्रार्थनेलाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २७ ऑक्टोबर १९८६ ला इटलीतल्या असिसीला वेगवेगळ्या धर्मांच्या प्रतिनिधींना बोलावलं तेव्हा प्रत्येकाने आपापल्या जागी आपापल्या पद्धतीने प्रार्थना केली आणि मग सगळे एकत्र आले, प्रार्थनांची खिचडी केली नाही. तीच पद्धत घ्या, कुणालाही अवघडल्यासारखं होत नाही.

वर्षभराचं नियोजन कसं करावं?

फार मोठं करू नका. १ जानेवारी धरा, १९६८ पासून तो जागतिक शांती दिन आहे, पोप सहावे पॉल यांनी सुरू केलेला. आदल्या रात्री नाचलेलीच माणसं सकाळी मरिया देवमातेच्या सणाच्या मिस्साला येतात, डोळे चोळत येतात पण येतात, त्यांना पोपच्या त्या वर्षीच्या संदेशातला एक परिच्छेद वाचून दाखवा, अख्खा संदेश नको. महिन्यातून एक संध्याकाळ आराधना शांतीसाठी, ऑक्टोबरमध्ये रोझरी, आणि पॅरिशच्या सणाच्या नोवेनातला, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेतला, एक दिवस. बास. प्रत्येक कार्यक्रमाला शांतीचं नाव चिकटवलं की लोक ऐकेनासे होतात.

आमचं पॅरिश अगदी छोटं आहे, माणसंच नाहीत, काय करणार?

पाच जण असतील तर पाच रहस्यं, प्रत्येकाने एक सुरू करायचं, आधी एका ठिकाणाचं नाव घ्यायचं. वीस मिनिटं लागतात. संपल्यावर मात्र लगेच दिवे बंद करून घरी पळू नका, खुर्च्या गोल करा आणि अर्धा तास बसा, या आठवड्यात कुणाच्या घरी काय झालं ते एकमेकांना विचारा, आणि जो आज आला नाही त्याला तिथूनच फोन लावा.